खरा आवाज, पण कुठल्या खोलीतला?

अमर बोस लहानपणी व्हायोलिन शिकले होते. १९५६ साली, एमआयटीत शिकत असताना, त्यांनी स्पेसिफिकेशन्स बघून एक स्टिरिओ घेतला. आकडे उत्तम होते, पण त्यातलं व्हायोलिन व्हायोलिनसारखं वाटेना. बेंचमार्क पास, युजर नाराज! या नाराजीतूनच पुढे संशोधन झालं आणि १९६४ मध्ये कंपनी उभी राहिली.

ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. बोस यांनी कागदावरच्या आकड्यांपेक्षा कानावर विश्वास ठेवला, हे कौतुकाचंच आहे. पण कान कुठे घडला, हे कुणी विचारत नाही. १९६८ च्या ९०१ स्पीकरमध्ये नऊ ड्रायव्हर होते: एक श्रोत्याकडे, आठ भिंतीकडे. कारण कॉन्सर्ट हॉलमध्ये बराचसा आवाज भिंतींवर आपटूनच आपल्यापर्यंत येतो. म्हणजे ‘खरा आवाज’ म्हणजे त्या हॉलचा आवाज.

आपला ख्याल बैठकीत वाढला. सतरंजी, लोड-तक्के, दाटीने बसलेली माणसं. भिंतींना बोलायला फारशी जागाच नाही. गवयाचा श्वास आणि तानपुऱ्याची जवारी थेट कानात. नागपुरात वाढलेल्या वसंतराव देशपांड्यांची तान भिंतीवरून फिरवून आणली, तर ती भव्य वाटेल, पण तिचे दाणे एकमेकांत मिसळतील.

ऑडिओ कंपनी काढणारा रसिक यंत्राबरोबर आपली आवडती खोलीही विकत असतो. म्हणून स्पीकर घेताना वॅट नंतर विचारा. आधी विचारा, हा कुणाच्या खोलीत ऐकून बनवलाय? आणि आपल्या बैठकीत ऐकून कोण बनवणार?