‘एक्स्टॉल’ आणि ‘वाखाणणे’ : स्तुतीची दोन रूपे

‘एक्स्टॉल’ या इंग्रजी क्रियापदासाठी ‘वाखाणणे’ हा पर्याय चटकन सुचतो. व्यवहारापुरता तो चालतोही. व्युत्पत्तीच्या पातळीवर मात्र हे दोन शब्द परस्परांकडे पाठ करून उभे आहेत.

‘एक्स्टॉल’च्या मुळाशी लॅटिन ‘टॉल्लेरे’ म्हणजे उचलणे हा धातू आहे. आरंभी इंग्रजीत हा शब्द प्रत्यक्ष वर उचलण्यासाठीही योजला जाई. तो अर्थ लोपला आणि उंचावून स्तवन करणे एवढाच उरला. मराठीला उंचीची ही प्रतिमा परकी नाही, पण तिच्याविषयी मराठी मन साशंक दिसते. ‘डोक्यावर घेणे’ यात अतिरेकाची छटा आहे. ‘हरभऱ्याच्या झाडावर चढवणे’ हा तर उघड उपहासच. गुडघाभर रोपट्याला झाड म्हणण्यातली खोच यवतमाळच्या रब्बी शिवारात वावरलेल्याला समजावून द्यावी लागत नाही.

‘वाखाणणे’ची जात निराळी. संस्कृत ‘व्याख्यान’, प्राकृत ‘वक्खाण’ असा तिचा प्रवास आहे. हिंदीतील ‘बखानना’ त्याच कुळातला. जुन्या मराठीत या क्रियापदाला ‘विवरण करणे’ हा अर्थ होता. विवरणाचा विषय बहुधा पूज्य ग्रंथ असल्याने त्याचा अर्थ उलगडणे आणि महिमा गाणे यांतील सीमा पुसट झाली असावी. पुढे विवरण ‘व्याख्या’, ‘व्याख्यान’ या तत्सम शब्दांकडे गेले आणि तद्भवाच्या वाट्याला केवळ स्तुती आली.

ही वाटणी समीक्षेला महागात पडली आहे. पुष्कळशा प्रस्तावना आज कृती उलगडत नाहीत, उचलतात; आणि उचललेली वस्तू वाचकाच्या हातापासून दूर जाते.

या दृष्टीने वणीच्या लोकनायक बापूजी अणे यांचे ‘श्रीतिलकयशोऽर्णव’ हे संस्कृत काव्य पाहण्याजोगे आहे. अणे यांच्या निधनानंतर (१९६८) प्रसिद्ध झालेल्या या काव्याला १९७३ मध्ये साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. कवी टिळकांचा अनुयायी. तेव्हा तटस्थतेची अपेक्षाच गैर. पण शीर्षकातील रूपक शिखराचे नाही, समुद्राचे आहे. यश येथे चरित्रातून पसरत जाते. स्तुती असूनही हे काव्य ‘वाखाणणे’च्या जुन्या अर्थाला जवळचे आहे. ते संस्कृतात असल्याने बहुतेक मराठी वाचकांना त्याचे मराठी वाखाण हवे, आणि तेथे नुसते गौरवपर विशेषण पुरत नाही.