शब्दाचा आत्मा : फादर द रोद यांच्या कोशाविषयी

धर्मप्रसारकाने रचलेला परभाषेचा कोश हाती आला की आम्ही त्याला एकच प्रश्न विचारतो : लिहिण्याआधी याने ऐकले किती? येशूसंघीय धर्मगुरू अलेक्सांद्र द रोद यांचा अन्नामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश या प्रश्नाच्या कसोटीवर पारखून पाहण्याजोगा आहे. आज जो देश व्हिएतनाम म्हणून ओळखला जातो, तेथील भाषेचा हा कोश 1651 साली रोममध्ये छापला गेला. त्याला एक लहानसे लॅटिन व्याकरण जोडलेले आहे. त्यातील सुरांवरचे प्रकरण हा आमच्या या लेखाचा विषय.

आपल्या मराठीतही सूर आहेच. ‘तो आला’ हे आपण सांगतो, विचारतो, कधी आश्चर्याने उद्गारतो. परंतु कोणत्याही सुरात ‘आला’चा अर्थ ‘आला’ हाच राहतो. व्हिएतनामी भाषेत मात्र सूर बदलला की शब्दच बदलतो. ‘मा’ हा उच्चार सपाट सुरात भूत होतो, चढत्या सुरात आई, उतरत्या सुरात ‘पण’. उरलेल्या तीन सुरांत तोच थडगे, घोडा आणि भाताचे आवण होतो. मासळी आणायला सांगताना सूर चुकला, तर स्वयंपाकघरात वांगी येतील! बाजारात ही चूक हसण्यावारी जाईल. प्रार्थनेत आणि धर्मशिक्षणात ती कशी चालेल?

फ्रान्समधील आव्हिन्यों येथे जन्मलेले द रोद 1619 साली गोव्याला आले. ‘क्रिस्तपुराण’कार फादर स्टीफन्स यांच्या निधनाचेही तेच वर्ष. पुढे 1624 च्या अखेरीस ते कोचिनचीनला पोहोचले. तेथील लोकांचे बोलणे त्यांना प्रथम पाखरांच्या किलबिलाटासारखे भासले आणि ही भाषा आपल्याला कधी येईल, ही आशाच ते सोडून बसले. मग दोन गुरू भेटले. एक, दुभाष्यावाचून त्या भाषेत उपदेश करणारे फादर फ्रान्सिस्को द पिना. दुसरा, तेथलाच एक लहान मुलगा. याला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना याची येत नव्हती. तरीही तीन आठवड्यांत त्याने सगळे सूर त्यांच्याकडून घोटून घेतले. तेवढ्याच काळात तो स्वतः रोमन अक्षरे वाचायला, लिहायला आणि मिस्साविधीत सेवा करायला शिकला.

अशा रीतीने ऐकलेले द रोद यांनी कागदावर कसे उतरवले? सपाट सुराला त्यांनी चिन्ह दिले नाही. उरलेल्या पाच सुरांसाठी ग्रीक लिपीतील तीन आघातचिन्हे, तिच्यातीलच अक्षराखाली लिहिला जाणारा ‘आयोटा’ आणि आपले नेहमीचे प्रश्नचिन्ह योजले. सुरांना ते त्या भाषेतील शब्दांचा जणू आत्मा मानतात. ही पाच चिन्हे थोड्या बदललेल्या रूपात आजही व्हिएतनामी मुलांच्या वह्यांत आहेत. एखाद्या ग्रंथाला याहून मोठी पावती कोणती? मात्र सारे श्रेय एकट्या द रोद यांना देणारे त्यांची प्रस्तावना वाचत नाहीत, असे आम्हाला वाटते. गास्पार द आमाराल आणि आंतोनियो बार्बोझा या आपल्या संघबंधूंच्या हस्तलिखित कोशांचे ऋण त्यांनी तेथे स्वतःच मान्य केले आहे.

दोष काढायचा तर तो अन्यत्र आहे. द रोद यांनी या सहा सुरांची सांगड युरोपीय संगीताच्या सहा स्वरांशी घातली. वाचकाला समजावण्यासाठी ही उपमा सोयीची खरी, पण फसवी. संगीतातल्या स्वराची जागा ठरलेली असते. बोलण्यातल्या सुराची तशी नसते. आजोबांचा ‘वरचा’ सूर नातवाच्या ‘खालच्या’ सुराहूनही खाली असू शकतो. शिवाय व्हिएतनामीत, विशेषतः उत्तरेकडच्या बोलीत, काही सुरांत आवाज घशात क्षणभर अडतो. तो अडथळा कोणत्या स्वरात लिहायचा?

ही गाठ सुटायला मोठा काळ गेला. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ केनेथ पाइक हे प्रॉटेस्टंट परंपरेतले. मेक्सिकोतील मिश्तेक लोकांत राहून त्यांनी त्या भाषेतील नव्या कराराच्या भाषांतराला हातभार लावला. त्यांचा ‘टोन लँग्वेजेस’ हा ग्रंथ 1948 साली निघाला. त्यांचे सांगणे असे, की सूर वाद्याशी जुळवू नका, शेजारच्या शब्दाशी ताडून पाहा. एक वाक्य चौकटीसारखे स्थिर ठेवा. त्यातला एकच शब्द बदलत जा आणि बोलणाऱ्याकडून ते पुनःपुन्हा वदवून घ्या. चौकट हलली नाही, म्हणजे सुरातला फरक आपोआप कानी येतो. येथे अभ्यासकाच्या संगीतज्ञानाला दुय्यम स्थान आहे. बोलणाऱ्याचा सूर हाच प्रमाण.

पाइक यांच्या या पद्धतीकडून मागे वळून पाहिले की द रोद यांच्या कार्यातील बळ आणि उणीव दोन्ही एकाच ठिकाणी दिसतात. त्या मुलाच्या तोंडून जे ऐकले ते टिकले. आपल्या शिक्षणातून जे त्यावर चढवले ते गळून पडले. त्या मुलाची हकिगत त्यांनी 1653 साली पॅरिसला निघालेल्या प्रवासवृत्तांतात प्रेमाने सांगितली आहे. स्नानसंस्कारात त्याला राफाएल हे नाव मिळाले आणि पुढे तो धर्मशिक्षक झाला. कोशाच्या मुखपृष्ठावर मात्र एकट्या द रोद यांचेच नाव आहे. आमच्या मते त्याखाली आणखी एक ओळ हवी होती : सूर शिकवणारा, राफाएल.

आम्ही धर्मगुरू वेदीवरून बोलतो पुष्कळ. बोलण्याआधी एखाद्या बालकासमोर तीन आठवडे शिष्य होऊन बसण्याची तयारी आमच्यापैकी किती जणांची आहे, हा प्रश्न हा जुना कोश मिटल्यावरही आमची पाठ सोडत नाही.