चिऊ-काऊची गोष्ट आणि प्राथमिक शाळेतील पाठ

प्राथमिक वर्गात बालसाहित्याला स्थान असावे की नसावे, हा वाद मराठीत केव्हाच निकालात निघाला आहे. विनायक कोंडदेव ओक यांनी १८८१ साली ‘बालबोध’ मासिक सुरू केले, तेव्हापासून मुलांसाठी स्वतंत्र वाङ्मय असावे ही कल्पना येथे रुजली; आचार्य अत्रे यांच्या ‘नवयुग वाचनमाले’ने क्रमिक पुस्तकातील उपदेशाचा सूर पुष्कळसा मागे सारला; आणि १९६७ साली पाठ्यपुस्तक मंडळ स्थापन झाल्यावर गोष्ट व गाणे ही ‘बालभारती’च्या पुस्तकाची नित्याची अंगे बनली. पुस्तके अशी बदलली. पाठ घेण्याची रीत मात्र त्या मानाने फारशी बदललेली नाही. गोष्ट एकदा वाचावयाची, कठीण शब्दांचे अर्थ फळ्यावर लिहावयाचे, चार प्रश्न विचारावयाचे आणि शेवटी ‘या गोष्टीवरून काय बोध मिळतो?’ या प्रश्नाने समारोप करावयाचा, हा क्रम अनेक वर्गांत अद्याप टिकून आहे. या क्रमात गोष्टीचे नेमके काय होते, हे एका सर्वपरिचित उदाहरणावरून पाहणे उद्‌बोधक ठरेल.

चिमणी आणि कावळा यांची गोष्ट मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली आहे. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पावसात कावळ्याचे घर वाहून जाते, तो चिमणीच्या दाराशी येतो, आणि चिमणी बाळाच्या एकेका कामाचे कारण सांगून त्याला बाहेर थांबविते. कथानक म्हणून पाहिले तर एवढेच. परंतु या गोष्टीचा जीव कथानकात नसून दाराशी चाललेल्या संवादात आहे. कावळ्याची विनवणी प्रत्येक वेळी तीच. चिमणीच्या उत्तराची घडणही तीच. त्यात पालटतो तो फक्त एक धातू. आंघोळ, तीट, अंगडे, झोप अशी कामे क्रमाने येतात आणि ‘-ऊ दे’ ही अनुज्ञार्थक रचना दर वेळी नव्या धातूसह कानावर पडते. तिसऱ्या खेपेस ऐकणारे मूल सांगणाऱ्याच्या आधी उत्तर देऊ लागते. पुढे तर गोष्टीत नसलेली कामेही ते चिमणीच्या तोंडी घालते. व्याकरणाचा एकही नियम न सांगता वाक्याचा एक साचा आत्मसात होणे व त्यातून नवे वाक्य निर्माण करता येणे, याहून शुद्ध भाषाशिक्षण ते कोणते?

आता हीच गोष्ट संक्षेपाने सांगावयाची झाल्यास ‘चिमणीने निरनिराळी निमित्ते सांगून दार उघडण्यास विलंब केला’ असे एक वाक्य पुरते. अर्थ कायम राहतो. गोष्ट मात्र संपते. शिवाय ‘निमित्ते’ आणि ‘विलंब’ हे दोन शब्द फळ्यावर जातात, व तास त्यांच्यातच खर्ची पडतो. बालवाङ्मयातील पुनरुक्ती हा फापटपसारा मानून तिला कात्री लावणारे संपादक आणि ती वाचताना कंटाळणारे शिक्षक, दोघेही एकाच गैरसमजाचे बळी आहेत.

हा प्रश्न सर्वत्र सारखा तीव्र नाही. घरी प्रमाण मराठी बोलणाऱ्या मुलाला पाठ रुक्ष वाटला तरी भाषा परकी वाटत नाही. भिवंडी तालुक्यातील अकलोलीसारख्या गावी स्थिती निराळी आहे. तानसा नदीच्या काठी, वज्रेश्वरीनजीक वसलेले हे गाव गरम पाण्याच्या कुंडांसाठी प्रसिद्ध आहे; परंतु भाषेच्या अभ्यासकाला हा परिसर दुसऱ्याच कारणाने महत्त्वाचा वाटावा. आगरी, कुणबी, वारली, कातकरी अशा अनेक समाजांच्या बोली या पट्ट्यात शेजारी शेजारी नांदतात. ग्रियर्सनने आपल्या भाषिक पाहणीच्या १९०५ साली निघालेल्या सातव्या खंडात यांतील काहींची नोंद मराठीच्या छत्राखाली केली आहे. आगरीत सामान्यतः ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘ल’ येतो. म्हणजे गोष्टीतला कावळा अशा मुलाच्या तोंडी ‘कावला’ होणार. शिक्षकाने त्याच क्षणी उच्चार दुरुस्त केला की मुलाचे लक्ष दाराशी भिजत उभ्या असलेल्या पक्ष्यावरून उडून स्वतःच्या जिभेवर येते, आणि एकदा तसे झाले की ते पुन्हा गोष्ट सांगावयास सहसा उठत नाही. प्रमाण उच्चार शिकवू नये, असे कोणी म्हणणार नाही. त्याची जागा गोष्टीच्या मध्यावर नाही, एवढेच.

बोधाची गोष्ट याहून गंभीर आहे. कावळ्याने कच्चे घर बांधले म्हणून तो बेघर झाला, यास्तव घर पक्के बांधावे, असे तात्पर्य या कथेतून सहज काढले जाते. कारवीच्या कुडाला शेणमातीचे लिंपण केलेली घरे या परिसरातील आदिवासी पाड्यांवर पुष्कळ होती व काही अद्याप आहेत. अशा घरातून आलेल्या मुलाला शाळा नकळत सांगते की तुझे घर हे मूर्खाचे घर. वस्तुतः त्या मुलाला शेणाच्या भिंतीविषयी शिक्षकापेक्षा अधिक कळते: वळचण पुरेशी पुढे आली असली की भिंत पावसाळा काढते, आणि लिंपण पुन्हा पुन्हा करावे लागते. कावळ्याने छप्पर कसे घातले होते, हा प्रश्न त्याला सुचू शकतो. मेणाचे घर उन्हाळ्यात टिकेल काय, किंवा ते अकलोलीच्या कुंडाकाठी बांधले तर काय होईल, हेही त्याला विचारता येईल. ज्या गावी कढत पाण्याचा संबंध वज्रेश्वरीने मारलेल्या राक्षसांच्या रक्ताशी जोडणारी आख्यायिका सांगितली जाते, तेथील मुलांना कल्पितावर कल्पित रचणे कठीण नाही. पण ‘बोध काय?’ या प्रश्नाचे उत्तर आधीच ठरलेले असल्यामुळे या प्रश्नांना पाठात जागाच उरत नाही.

मोठा वर्ग, आखलेला अभ्यासक्रम, परीक्षा या शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. तथापि ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डी येथे आरंभिलेले व १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर चालविलेले कार्य याहून अनुकूल परिस्थितीत झाले नव्हते. तेथे शाळाच वारली पाड्यांच्या अंगणात नेण्यात आली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात. त्या प्रयोगाचे कौतुक पुष्कळ झाले आहे. कौतुकाच्या मानाने अनुकरण अल्प झाले. अंगणात गेलेल्या शिक्षिकेला मुलाचे घर कशाचे आहे, हे डोळ्यांनी दिसत होते. चार भिंतींच्या आत गोष्ट सांगणाऱ्याला ते विचारूनच घ्यावे लागेल, आणि विचारावयाचे तर ते कावळ्याचे घर वाहून जाण्यापूर्वी.