नाम आणि नामी : म्युझिकब्रेन्झच्या नामव्यवस्थेचे एक परीक्षण

व्हॉयेजर यानांबरोबर १९७७ साली अंतराळात धाडण्यात आलेल्या सुवर्णतबकडीवर केसरबाई केरकर यांच्या भैरवीचे ध्वनिमुद्रण आहे, हे सर्वश्रुतच आहे. त्या तबकडीवरील संगीताची जी इंग्रजी यादी प्रसिद्ध झाली, तीत गायिकेचे नाव ‘सूरश्री केसर बाई केरकर’ असे चार सुटया शब्दांत छापलेले आढळते. या चारांपैकी पहिला शब्द ही पदवी होय. दुसरा व तिसरा मिळून वस्तुतः एकच नाम सिद्ध होते. चौथा शब्द केरी या गोमंतकातील गावाशी नाते सांगणारे आडनाव. मराठी वाचकास हे पृथक्करण शिकवावे लागत नाही. यंत्रास मात्र ते कळण्याचा काहीच मार्ग नसतो. त्याच्या लेखी ‘केसरबाई केरकर’, ‘केसर बाई केरकर’ आणि ‘सूरश्री केसरबाई’ या तीन निरनिराळ्या व्यक्ती होत.

नभोवाणी संस्थांपुढे हा प्रश्न केवळ पांडित्याचा नाही. एकाच संस्थेच्या अनेक वाहिन्यांवरून एकाच कलावंताच्या ध्वनिमुद्रिका वाजतात. प्रत्येक कार्यक्रमाचा साहाय्यक आपापल्या सवयीनुसार नाव नोंदवितो. आणि अमुक गायकाचे काय काय वाजले, या साध्या प्रश्नाचे उत्तर कोणापाशीच एकत्र सापडत नाही. ब्रिटनच्या बीबीसीने २००७ मध्ये या अडचणीवर जो उपाय योजिला, तो विचारार्ह आहे. स्वतःची नवी नामावली घडविण्याऐवजी तिने म्युझिकब्रेन्झ या सर्वांस खुल्या असलेल्या कोशातील ओळखचिन्हे स्वीकारली. आणि २००८ मध्ये इंटरनेटवर कलावंतांची जी पृष्ठे उघडली, त्यांच्या पत्त्यांतच ती चिन्हे गुंफली. कोशात चूक आढळल्यास ती आपल्या दप्तरात गुपचूप दुरुस्त करावयाची नाही, मूळ कोशातच जाऊन दुरुस्त करावयाची, असेही धोरण तिने पत्करले. सरकारी वा निमसरकारी संस्थांच्या स्वभावाशी परिचित असलेल्यांना यातील नावीन्य सहज ध्यानात येईल.

या कोशाच्या जन्माचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. कॉम्पॅक्ट डिस्कच्या मूळ मानकात गीतांची नावे नोंदविण्याची सोयच नव्हती. ती उणीव हजारो श्रोत्यांनी स्वतः नावे टंकून सीडीडीबी नावाच्या संग्रहाद्वारे भरून काढली. पुढे तो संग्रह खाजगी व्यापाराची मालमत्ता झाला. या अनुभवाने व्यथित होऊन रॉबर्ट के यांनी २००० च्या सुमारास म्युझिकब्रेन्झची उभारणी केली, आणि २००४ मध्ये तिच्या पाठीशी मेटाब्रेन्झ ही ना-नफा संस्था उभी राहिली. कोशातील मूळ माहिती आज सार्वजनिक स्वामित्वाची आहे. ती कोणालाही उतरून घेता येते व वापरता येते.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने या योजनेचा गाभा तिच्या ओळखचिन्हात आहे. हे चिन्ह छत्तीस वर्णांचे असते: बत्तीस अंकाक्षरे व चार संयोगरेषा. त्यात कलावंताचे नाव नाही, देश नाही, काळ नाही. पतंजलीने शब्दप्रवृत्तीचे जे चार प्रकार मानले, त्यांतील जाति, गुण व क्रिया यांपैकी एकाचाही आधार नसलेला चौथा प्रकार म्हणजे यदृच्छाशब्द. डित्थ हे त्याचे परंपरागत उदाहरण. म्युझिकब्रेन्झचे चिन्ह हा यदृच्छाशब्दाचा निर्भेळ नमुना होय. (संज्ञा लाघवासाठी असावी, ही वैयाकरणांची अपेक्षा मात्र तो पुरी करीत नाही. छत्तीस वर्णांस लघु कोण म्हणेल? परंतु उच्चार मुखाने करावयाचा नसल्यामुळे यंत्राचे लाघव निराळे.) अर्थशून्यता हेच येथे बळ आहे. ज्यात अर्थ नाही ते चुकीचे ठरू शकत नाही, आणि म्हणून ते बदलावेही लागत नाही. दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या असल्याचे पुढे कळले, तर त्या एकत्र करता येतात व जुने चिन्ह नव्याकडे वाट दाखवीत राहते.

ध्वनिमुद्रण-उद्योगाचे आयएसआरसी हे बारा वर्णांचे चिन्ह आधीपासून उपलब्ध असता दुसऱ्याचा खटाटोप कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो टिकणारा नाही. आयएसआरसी हक्कदाराकडून दिला जातो. त्यात नोंदणीचे वर्ष अंतर्भूत असते, ते मुद्रणाचे वर्ष असेलच असे नाही. आणि एकच मुद्रण वेगवेगळ्या संग्रहांतून पुन्हा प्रकाशित होताना त्यास दोन-तीन आयएसआरसी चिकटलेले आढळतात. शिवाय ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांच्या काळी हे चिन्ह अस्तित्वातच नव्हते. एवढे खरे की त्या तबकड्यांना स्वतःचे एक चिन्ह होते: मेणावर मुद्रण होताना दिलेला मॅट्रिक्स क्रमांक. जुन्या मुद्रणांचा अभ्यासक आजही लेबलावरील नावापेक्षा त्या क्रमांकावर अधिक विसंबतो, आणि ते योग्यच आहे.

चिन्ह निर्मल असले तरी त्यास जोडलेली नावे तशी नसतात, आणि योजनेची खरी परीक्षा तेथेच होते. ‘कलावंत’ आणि ‘तबकडीवर छापलेले श्रेय’ यांत म्युझिकब्रेन्झ भेद करते, हे तिचे मोठे गुण होय. माणिक दादरकर या नावाने निघालेली तबकडी आणि माणिक वर्मा या नावाने निघालेली तबकडी, या दोहोंवर जसे छापले तसेच श्रेय राहते, आणि तरीही दोन्ही एकाच व्यक्तीशी बांधल्या जातात. लता मंगेशकर यांनी ‘आनंदघन’ या नावाने चित्रपटांस संगीत दिले. हे नुसते नामांतर नव्हे, निराळी भूमिका पत्करणे होय. अशा टोपणनावास स्वतंत्र नोंद देऊन तिचा मूळ व्यक्तीशी संबंध जोडण्याची सोयही योजनेत आहे.

परंतु अनुक्रमासाठी प्रत्येक कलावंताचे एक वर्गीकरण-नाम रोमन लिपीत द्यावे व व्यक्तीचे आडनाव आधी घ्यावे, हा नियम पाश्चात्त्य दूरध्वनी-पुस्तिकेच्या संस्कारातून आलेला दिसतो. सवाई गंधर्व, छोटा गंधर्व आणि कुमार गंधर्व यांना हा नियम यांत्रिकपणे लावणारा परकी संपादक रामभाऊ कुंदगोळकर, सौदागर गोरे आणि शिवपुत्र कोमकली यांचे एक गंधर्व घराणे सहज निर्माण करील. ‘सवाई’ हे येथे विशेषण आहे आणि ‘गंधर्व’ हे आडनाव नाही, हे ज्ञान भाषेचे आहे; ते चिन्हात नाही आणि नियमातही नाही.

याहून गंभीर प्रश्न ‘रचना’ या कोटीचा आहे. योजनेत ‘मुद्रण’ आणि ‘रचना’ ही दोन पदे स्वतंत्र आहेत. युरोपीय संगीतात हा भेद स्वाभाविक आहे; किंबहुना तेथील अभिजात संगीताच्या प्रकाशनांत गीताच्या श्रेयस्थानी वादकाऐवजी रचनाकाराचे नाव घालावे, असाच संकेत आहे. ख्यालगायनात मात्र रचना म्हणजे काय? बंदीश म्हणावे, तर तीन मिनिटांच्या तबकडीत ती जवळजवळ सर्वस्व असते आणि चाळीस मिनिटांच्या मैफलीत केवळ निमित्तमात्र. राग म्हणावे, तर यमनाची सारी मुद्रणे एकाच रचनेची ठरतील, आणि ही नोंद असून नसल्यासारखी होईल. बार्सिलोना येथील पोंपेउ फाब्रा विद्यापीठात झाव्हिएर सेरा यांच्या नेतृत्वाखाली २०११ मध्ये सुरू झालेल्या कॉम्पम्युझिक या प्रकल्पाने हिंदुस्तानी व कर्नाटक संगीताची माहिती याच कोशात भरताना राग व ताल यांस रचनेहून वेगळे स्थान दिले. ही दिशा योग्य आहे. विलंबित व द्रुत अशा दोन बंदिशी असलेले एक मुद्रण दोन रचनांशी जोडता येते, हेही खरे. तथापि ज्यात बंदीशच नाही अशा आलापीपुढे ‘रचना’ची जागा रिकामी राहते, आणि यंत्राच्या जगात रिकामी जागा म्हणजे अपुरी नोंद असा अर्थ होतो. गायनाचा हा अपुरेपणा नव्हे, कोटीचा आहे.

ध्वनीवरूनच मुद्रण ओळखण्याचे जे तंत्र ॲकूस्टआयडीच्या रूपाने या कोशास जोडले आहे, त्यामुळे हे प्रश्न सुटतील अशी आशा काहींना वाटते. ते तंत्र बारा स्वरस्थानांतील ऊर्जेचा आलेख घेते. ७४ फेऱ्यांनी मुद्रित झालेली जुनी तबकडी ७८ फेऱ्यांनी वाजवून उतरविली, की स्वर जवळजवळ एका अर्धस्वराने चढतात आणि आलेख सरकतो. मग एकाच तबकडीच्या दोन प्रती परस्परांस अनोळखी होतात. उलट तीच गायिका तीच चीज पुन्हा गायिली, तर ते मुद्रण निराळेच आहे. आणि येथे यंत्राचा निर्णय बरोबर आहे.

या साऱ्यात व्यावहारिक हिताचा भागही आहे. भारतीय स्वामित्वहक्क कायद्यातील २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांचा मानधनातील वाटा सुरक्षित केला. परंतु प्रक्षेपणाच्या यादीत केवळ गायकाचे नाव असेल, तर तो वाटा कोणाच्या हाती पोचवावयाचा? म्युझिकब्रेन्झमध्ये गाणारा, तबला वाजविणारा, शब्द रचणारा, स्वर देणारा यांचे संबंध पृथक् नोंदविले जातात. व्याकरणातील कारकांप्रमाणे एका क्रियेशी प्रत्येकाचे नाते वेगळे दाखविले जाते. विविध भारतीचे निवेदक गायक, गीतकार व संगीतकार अशी तिघांची नावे सांगत आले, ती याच रीतीची मौखिक नोंद होती. दुर्दैवाने, कोशातील हे संबंध कोणीतरी हाताने भरावे लागतात, आणि जुन्या तबकड्यांच्या लेबलांवर साथीदारांची नावे बहुधा नसतातच.

मराठी नाट्यसंगीताच्या बाबतीत तर एक तयार साधन अद्याप अस्पृष्ट पडले आहे. ‘संगीत मानापमान’ १९११ मध्ये रंगभूमीवर आले. शब्द खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. त्या काळच्या छापील संगीत नाटकांतून पदाच्या माथ्यावर ‘चाल’ म्हणून ज्या मूळ चिजेचा वा गीताचा उल्लेख असे, तो एका रचनेचे दुसरीशी असलेले नाते सांगतो. ‘यावर आधारित’ हा संबंध म्युझिकब्रेन्झच्या योजनेत उपलब्ध आहे. मतदानासाठी खुली ठेवलेली नोंद सात दिवसांपर्यंत इतर संपादकांच्या मतासाठी थांबते आणि मग रुजू होते. पुस्तकांतील त्या एका ओळीवरून पदे व चिजा यांची जोडणी करण्याचे काम ग्रंथालयात बसून करण्याजोगे आहे, आणि त्यासाठी ध्वनिमुद्रिका ऐकण्याचीही गरज नाही.