फेर कुठे जुळतो?

माझ्या एका सुती ओढणीवर तारपा नाचाचा फेर छापलेला आहे, एकूण 38 वेळा. मोजायला बसले, कारण काहीतरी खटकत होते.

वारली चित्रात तारपा वाजवणारा मध्ये असतो आणि नाचणाऱ्यांची रांग त्याच्याभोवती गुंडाळत जाते. शेवटचा माणूस मोकळा राहतो. अजून कुणी येऊन त्याचा हात धरू शकेल. ओढणीवर ते बंद कडे झाले आहे. का, ते संगणकावर कळते. इलस्ट्रेटरमध्ये स्कॅन केलेल्या चित्राला 'इमेज ट्रेस' दिले की तांदळाच्या पिठाच्या थरथरत्या रेघेची कड गुळगुळीत होते. मग पॅटर्न: सरळ ग्रिड की विटांसारखी सरकती मांडणी? प्रश्न एकच, ही टाइल शेजारच्या टाइलला कुठे जुळते? मोकळी शेपटी शेजारच्या फेरात घुसते, म्हणून ती छाटायची.

पुनरावृत्तीचे मला वावडे नाही. जिव्या सोमा मशे यांनी (1934–2018) हे चित्र भिंतीवरून कागदावर आणले, तेही भाषांतरच. पण हाताने काढलेली दोन माणसे तंतोतंत सारखी होत नाहीत. अभंगातले ध्रुपद परत येते तेव्हा मधल्या कडव्याचे काहीतरी घेऊन येते. टाइल रिकाम्या हाताने येते.

रोटरी छपाईत जाळीच्या नळकांड्याचा घेर, बहुधा 64 सेंटिमीटर, पुनरावृत्तीची लांबी ठरवतो. तिथे यंत्राची सक्ती आहे, मान्य. माझी ओढणी मात्र डिजिटल इंकजेटवर छापलेली आहे. संपूर्ण लांबीत एकच फेर पसरवता आला असता, पदरापर्यंत मोकळा. छाटणी सक्तीने झालेली नाही, सवयीने झाली आहे. भाषांतरातही मी हे करते: वाक्य खटकले की आधी टोक कापते, मग कारण शोधते.

त्याहून अवघड गोष्ट लग्नचौकाची. पालघाट देवीचा चौक सुवासिनी लग्नघराच्या भिंतीवर त्या लग्नापुरता लिहितात. हो, लिहितात. तो मी उशीच्या अभ्र्यावर पाहिला, एका बाजूला 12 वेळा. बारा लग्ने, आणि नवरी एकही नाही. इथे रेघ कितीही जपली असती तरी उपयोग नव्हता. हे चित्र टाइल करायलाच नको होते.

ओढणीच्या काठाला ब्रँडचे नाव आहे. मूळ चित्र कुणाचे, ते कुठेच नाही. अनुवादित पुस्तक हातात घेतल्यावर आधी पाहावे, तसे मी पहिल्यांदा तेच शोधले होते.