घरंदाज या शब्दाआड

ऑपेरातल्या फिरत्या गायिकांची चरित्रे वाचायला मजा येते, याचे एक कारण म्हणजे त्यांत पैसा लपवलेला नसतो. आदेलिना पात्ती (१८४३–१९१९) ही इटालियन आईबापांची, माद्रिदला जन्मलेली, न्यूयॉर्कमध्ये वाढलेली सोप्रानो. ऑपेरा कंपनीचा चालक मेपल्सन याने आपल्या आठवणींत तिचा एक किस्सा दिला आहे. ठरलेली बिदागी पुरी हाती पडेपर्यंत बाई तयार व्हायला राजी नव्हत्या. बरीचशी रक्कम आली तेव्हा एक बूट पायात गेला, उरलेली आली तेव्हा दुसरा. मेपल्सनने त्याला मीठमसाला लावला असणारच. पण पात्तीच्या चरित्रांत हा किस्सा, वेल्समधला तिचा वाडा, त्यातले तिचे खासगी नाट्यगृह हे सगळे तिच्या आवाजाच्या वर्णनाशेजारी निःसंकोच नांदते.

हिराबाई बडोदेकरांवरचे (१९०५–१९८९) मराठी लेखन वाचताना मला याच्या नेमके उलटे जाणवते. आयुष्य पात्तीपेक्षा कमी नाट्यमय नाही. मिरजेत जन्म, मूळ नाव चंपाकली. वडील किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ, आई बडोद्याच्या ताराबाई माने. ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून वेगळ्या झाल्या, मुलांची नावे बदलली, गाण्याची शाळा काढली. त्याच कुटुंबाने नाटक मंडळी उभी केली आणि बालगंधर्व शालू नेसून रंगभूमी गाजवत असतानाच हिराबाई सुभद्रा म्हणून प्रेक्षकांसमोर आल्या. मंडळी टिकली नाही, कर्ज झाले. ते त्यांनी गावोगाव गाऊन फेडले. त्यानंतर १९६५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९७० साली पद्मभूषण.

आता या आयुष्याला मराठीत लागलेली विशेषणे पाहा. सात्त्विक. सोज्वळ. शालीन. घरंदाज. कर्जाचा उल्लेख येतो, पण सोशिकपणाचा दाखला म्हणून. कंपनी चालवणारी, दौरे आखणारी, आपल्या गाण्याचे मोल ठरवणारी बाई या शब्दांत कुठे सापडत नाही.

माझे म्हणणे असे, की हिराबाईंची शालीनता पैशाच्या व्यवहारापासून दूर राहून आलेली नाही; ती त्या व्यवहाराची रीत बदलल्याने आली. तोवर बाईचे गाणे म्हणजे कोणाच्या तरी दिवाणखान्यातले, नाहीतर तिच्या स्वतःच्या माडीवरचे. पैसा ऐकणाऱ्याच्या हातून गाणारीच्या हाती, दौलतजादा म्हणून, आणि त्या बदल्यात आदब, मुजरा, नजरेची दखल. तिकिटाने हे तोडले. पैसा खिडकीवर भरला जातो, शेठ आणि कारकून दोघांनाही रांगेत उभे राहावे लागते, आणि गाणारी कोणाचे देणे लागत नाही. बाईच्या गाण्याची तिकीट लावलेली जाहीर मैफल मराठी मुलखात रुजवण्याचे श्रेय हिराबाईंना दिले जाते. हातवारे, अदा न करता, उस्तादांसारखी बैठक मारून गायच्या, हे सगळे लिहितात. तसे गाता येण्यामागे ते तिकीट होते, हे मात्र फारसे कोणी लिहीत नाही.

गाण्याविषयीसुद्धा ‘सात्त्विक’ हा शब्द आळशीच वाटतो. सुरांचा लगाव हळुवार आहे, कबूल. पण तीन-साडेतीन मिनिटांच्या तबकडीत ख्याल बसवताना बढत कुठे आवरायची, तान कधी सोडायची, हे निर्णय रोखठोक आहेत. तिथे हिशेबी, कसलेली व्यावसायिक गायिका ऐकू येते, आणि हिशेबी हा शब्द मी कौतुकाने वापरते आहे.

हिराबाईंवरचा एक जुना मराठी लेख इंग्रजीत नेताना ‘घरंदाज’पाशी माझे काम अडले. संपादकांनी ‘लेडीलाइक’ सुचवले. तमिळमध्ये जास्त जवळचा शब्द मिळतो: कुडुंबप्पेण्, कुटुंबातली स्त्री. चेन्नईत राहणाऱ्याला तो ऐकताच एम. एस. सुब्बुलक्ष्मी आठवणार. मदुराईतल्या वैणिक षण्मुखवडिवू यांची ही मुलगी, देवदासी परंपरेतल्या घरातली. १९४० साली सदाशिवम यांच्याशी लग्न झाले आणि पुढे कांजीवरम साडी, कुंकू, भक्ती अशी तिची मूर्ती घडत गेली. १९४१च्या ‘सावित्री’ चित्रपटात तिने नारदाची, म्हणजे पुरुषाची, भूमिका केली ती ‘कल्कि’ साप्ताहिकाला भांडवल हवे होते म्हणून. त्याच चित्रपटात सावित्री होती आपली शांता आपटे, त्यासाठी तमिळ शिकलेली. फरक असा, की इथे या मूर्तीबद्दल उघड वाद झाला, टी. जे. एस. जॉर्ज यांच्या २००४ सालच्या चरित्राने तो पेटवला आणि तो अजून पुरता विझलेला नाही. हिराबाईंबद्दल मराठीत एवढा वाद झालेला मला तरी दिसला नाही.

जुन्या समीक्षकांची बाजूही आहे. गाणारीला घरी बोलवावे की नाही यावर कुजबूज चालायची त्या काळात ‘घरंदाज’ ही ढाल होती, आणि ती त्यांनी आपुलकीने पुढे केली. खुद्द हिराबाईंनाही ती हवी असेल. पण ढाल धरणाऱ्यांनी एक गोष्ट झाकली: हा मान त्यांना कुठल्या घराण्यातून, कुठल्या पुरुषाकडून मिळालेला नव्हता. नावेच पाहा. एम. एस. मधला एम म्हणजे मदुराई, एस म्हणजे षण्मुखवडिवू, आईचे नाव. बडोदेकर म्हणजे आईचे गाव. भाऊ सुरेशबाबू माने, तेही आईचेच आडनाव. वडील अब्दुल करीम खाँ दक्षिणेत खूप फिरले, त्यागराजांची कृती त्यांनी तबकडीवर गायली, आणि १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना सिंगपेरुमाळ कोइल स्टेशनावर त्यांनी देह ठेवला. चेंगलपट्टूची लोकल आजही तिथे थांबते. या मृत्यूवर मराठीत भरभरून लिहिले गेले आहे. ताराबाईंच्या वाट्याला बहुधा दोन ओळी येतात.

माझ्या अनुवादात ‘बाई’ हा शब्द मी तसाच ठेवला. हिंदीत तो कोठ्याकडे झुकतो, मराठीत शाळेतल्या मास्तरणीलाही चालतो. हिराबाईंनी आयुष्यभर केलेला प्रवास त्या दोन अर्थांमधलाच आहे, आणि तो पुसायचा अधिकार अनुवादकाला नाही. ‘घरंदाज’साठी शेवटी इंग्रजी शब्द घातला नाही. त्या जागी लेखकाचा मूळ शब्द आणि खाली तळटीप आहे: तिकीट म्हणजे काय, ते सांगणारी.