वरून खाली वाचायचं पुस्तक

पुरातत्त्वाच्या अहवालाचं कुणी रसग्रहण करत नाही. तक्ते, खापरांची रेखाटनं, थरांचे आडवे-उभे छेद यांत रस तो कसला असणार? पण डेक्कन कॉलेजने १९६० साली काढलेल्या नेवाशाच्या उत्खननाच्या अहवालाचं नुसतं नाव पाहा : 'फ्रॉम हिस्टरी टु प्रीहिस्टरी ॲट नेवासा, १९५४–५६'. इतिहासाकडून प्रागितिहासाकडे! इतिहासाची पुस्तकं अश्मयुगापासून सुरू होऊन आपल्यापर्यंत येतात. हे उलटं चालतं, कारण कुदळीला दुसरी दिशाच नसते. आधी हाती लागतं ते कालचं, मग परवाचं. नावातच खोदणाऱ्याचा हात दिसतो.

आम्हा सोनईकरांना नेवासा म्हणजे तालुका. तहसील, कोर्ट, सात-बारा. ज्ञानेश्वरांचं मंदिर आहे म्हणून वर्षातून एखादी वारी. त्याच गावची लाडमोड टेकडी म्हणजे गावाची जुनी पांढरी. आपल्याकडे काळी पिकते आणि पांढरीवर गाव वसतं, आणि उजाड झालेल्या पांढरीची माती खत म्हणून गाड्या भरभरून पुन्हा काळीत टाकण्याची शेतकऱ्याची रीतही जुनी. त्यामुळे किती गावांचे किती थर उसाच्या सऱ्यांत मिसळून गेले, याचा हिशेब कुणापाशी नाही.

मुखपृष्ठावर चार नावं आहेत : सांकळिया, देव, अन्सारी, एरहार्ट. मुंबईचा गुजराती, एक मराठी, एक मुसलमान आणि एक जर्मन बाई. या चौघांनी आपल्या मातीचा जो सर्वांत वरचा थर ठरवला, त्याला नाव दिलं 'मुस्लिम-मराठा'. या दोन शब्दांमधल्या छोट्या रेघेवर मी बराच वेळ अडलो. बखरीत आणि निवडणुकीच्या सभेत हे दोन पक्ष समोरासमोर उभे असतात. इथे ते एकाच मातीत, एका नावाखाली आले आहेत. खोदणाऱ्याने समेटासाठी वगैरे ही रेघ ओढली असेल, असं मला वाटत नाही. काचेच्या बांगडीचा तुकडा हाती आला, तर ती कुणाच्या अमदानीत फुटली एवढं फार तर सांगता येतं. ती भरणारी बाई कुठल्या देवाला हात जोडत होती, हे तुकडा सांगत नाही.

नगरचा इतिहास तरी वेगळं काय सांगतो? १४९० मध्ये निजामशाही उभी करणाऱ्या मलिक अहमदचा बाप इतिहासकार फिरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे मूळचा ब्राह्मण, विजयनगरच्या मुलखात कैद होऊन बाटलेला. मालोजी भोसल्यांनी नगरच्या शाह शरीफच्या दर्ग्याला नवस केला आणि मुलांची नावं शहाजी-शरीफजी ठेवली, ही कथा तर घरोघर ठाऊक आहे. निजामशाहीच्या पडत्या काळात तिला पंचवीस वर्षं तोलून धरणारा मलिक अंबर हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला. ती रेघ पुण्याच्या प्रयोगशाळेत नंतर आखली गेली नाही, ती आधीपासून इथे होतीच.

या थराच्याही वर, टेकडीवर कसलीच खूण नसलेली एक तारीख आहे. ८ ऑगस्ट १८०३ ला वेलस्लीने नगरची पेठ शिड्या लावून घेतली आणि १२ तारखेला किल्ला. आपण म्हणतो, नगर इंग्रजांनी घेतलं. पण तटावर लढत होते ते शिंद्यांच्या चाकरीतले अरब, शिड्या चढत होते स्कॉटलंडच्या डोंगराळ मुलखातले ७८ व्या पलटणीचे गडी, त्यांच्या जोडीला मद्रासकडचे शिपाई, आणि सेनापती डब्लिनमध्ये जन्मलेला, आयर्लंडात जाऊन बसलेल्या इंग्रज घराण्यातला. 'इंग्रज' हाच मुळी कितीतरी थरांचा ढीग. रोमन आले, सॅक्सन आले, डेन आले, १०६६ मध्ये नॉर्मन आले, हे तिकडचं शाळकरी पोर ओळीने म्हणून दाखवतं. आक्रमणांची ती यादी त्यांनी वंशावळीसारखी जपली आहे. आपल्याकडे तीच यादी जखमांची म्हणून म्हटली जाते.

अहवालात मला सर्वांत जास्त खिळवलं ते एका रिकाम्या जागेने. मुस्लिम-मराठा थराच्या खाली येतो तो थेट सातवाहनांच्या काळातला. मधली हजाराहून अधिक वर्षं टेकडीवर वस्तीच नाही. नेमक्या याच पोकळीत ज्ञानेश्वरीचं शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०, बसतं. नेवासा सर्वांत मोठ्याने बोललं ते याच काळात, आणि टेकडी मात्र गप्प. ज्ञानेश्वरीच्या अखेरीस ग्रंथकार काळ, स्थळ, लेखक आणि राज्य करणारा रामदेवराव यादव अशी रीतसर नोंद करतो. त्यानंतर सहाच वर्षांनी, १२९६ मध्ये, अल्लाउद्दीन देवगिरीवर येऊन धडकला. ज्ञानेश्वरांनी समाधी घेतली तेही त्याच साली. सांकळियांच्या टीमकडे फक्त ही टेकडी असती, तर 'यादवकाळी येथे मनुष्यवस्ती नव्हती' असं लिहून ते मोकळे झाले असते. आणि फक्त पोथ्या असत्या, तर ज्ञानेश्वरांआधी इथे काही होतं, हे आपल्या ध्यानीही आलं नसतं.

पोकळीखालच्या थराचं नाव आहे 'इंडो-रोमन'. पुन्हा तीच आडवी रेघ. या थरात भूमध्य समुद्राकडून आलेल्या मद्याच्या रांजणांचे, ॲम्फोरांचे तुकडे मिळाले. इसवी सन ४३ मध्ये क्लॉडियसच्या फौजा ब्रिटनमध्ये उतरल्या आणि पुढची साडेतीनशेहून अधिक वर्षं त्या बेटाला त्यांनी वळण लावलं. त्याच सुमाराला तेच रोमन इथे नेवाशाला, प्रवरेकाठी पोचले, पण रांजणांच्या रूपाने. भडोच किंवा कल्याणला माल उतरवायचा आणि बैलांच्या पाठीवरून घाट चढवायचा. एकही सैनिक न येता आलेल्या या परक्यांना सांकळियांनी पुरा एक थर बहाल केला, हे मला त्यांच्या जाणतेपणाचं लक्षण वाटतं.

त्याखाली, आणखी एक पोकळी ओलांडली की, ताम्रपाषाण युग लागतं. इथे मात्र लेखकाशी भांडावंसं वाटतं. तोटीची, लाल रंगावर काळी नक्षी असलेली ती जोर्वे पद्धतीची भांडी देखणी आहेत. पण तोटी दिसली की सांकळियांना इराण दिसे. १९५५ मध्येच त्यांनी नर्मदाकाठच्या नवदाटोलीच्या तोटीच्या भांड्यांची इराणशी सांगड घालणारा लेख लिहिला होता. आलेले लोक कोण, आर्य तर नव्हेत, हा प्रश्न त्यांचा पिच्छा सोडत नव्हता. वरच्या दोन थरांत वस्तू पाहून माणसांच्या टोळ्या न मोजणारा हा संयमी माणूस इथे अधीर होतो. हाडांची मापं घेणाऱ्या चौथ्या लेखिकेचं, सोफी एरहार्टचं, नाव इथे अधिकच बोचतं. नाझी राजवटीत रोमा आणि सिंती लोकांची डोकी मोजून त्यांच्या नोंदी करणाऱ्या वंशशास्त्राच्या कार्यालयात त्या काम करत होत्या. माणूस कुठून आला ते कवटीवरून सांगण्याचा अट्टहास कुठवर नेतो, हे तिकडे दिसून चुकलं होतं.

त्याच थरात घराच्या जमिनीखाली पुरलेली पोरं सापडली, तोंडाला तोंड लावून आडव्या ठेवलेल्या दोन मडक्यांत. एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती. मण्यांत अडकून राहिलेला धागा पुढे तपासला, तर तो रेशमाचा निघाला, त्यात कापसाचाही अंश. तीन हजार वर्षांमागे प्रवरेकाठच्या मातीच्या घरात रेशीम! या धाग्याने तोटीच्या वादापेक्षा मला कितीतरी जास्त सांगितलं. पोर गेलं, तरी ते घराबाहेर नेलं नाही, पायाखालीच ठेवलं, आणि जवळचं सगळ्यांत दुर्मीळ जे होतं ते त्याच्या गळ्यातून काढून घेतलं नाही.

तळाशी, नदीच्या घट्ट झालेल्या वाळू-गोट्यांत, दगडी हत्यारं. जॅस्पर आणि चर्टची ती छोटी, धारदार तासण्यांची घडण इतकी वेगळी होती की तिला 'नेवाशियन' म्हटलं जाऊ लागलं. शिंदे, निजामशहा, सातवाहन या कुणालाही या तालुक्याचं नाव जगाच्या कोशात नेता आलं नाही. ते नेलं नाव-गाव नसलेल्या, कुणाचीच प्रजा नसलेल्या त्या माणसांच्या दगडांनी. आता अभ्यासक बहुधा नुसतं 'मध्य पुराश्मयुग' म्हणतात. शास्त्राच्या सोयीचं ते असेलही, पण तालुक्याचा रहिवासी म्हणून माझी त्याला हरकत आहे.